चढाची सायकल

जामखेडहून बीडच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात बालाघाटाचा डोंगर समोर उभा राहतो. पावसाळ्यात सौताड्याचा धबधबा पाहायला जी मंडळी मोटारीने जातात, त्यांना तिथला चढ जाणवत नाही. मला तो चाळीस वर्षांपासून पायांनी ठाऊक आहे. त्या बाजूला मुख्य रस्ता सोडून तीनेक किलोमीटर आत, एका वस्तीवर माझे जुने सहकारी राहतात. गावात त्यांना अण्णा म्हणतात. मीही तेच म्हणतो. आम्ही दोघांनी एकाच शाळेत बावीस वर्षे शिकवले, त्यांनी गणित आणि मी मराठी. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली त्याला आता सहा वर्षे होतील. तेव्हापासून दर गुरुवारी सकाळी त्यांच्याकडे जावे, आठवड्याची वर्तमानपत्रे वाचून दाखवावीत, एखाद्या पुस्तकाची चार पाने पुढे सरकवावीत आणि भाकरी खाऊन परतावे, असा माझा नेम होता.

माझी सायकल १९८३ सालची अॅटलास. पगाराची पहिली थकबाकी हाती आली तेव्हा घेतलेली. त्या कारखान्याने २०२० साली, नेमक्या जागतिक सायकल दिनीच, साहिबाबादचे दार लावले. ती बातमी मीच अण्णांना वाचून दाखवली होती. आमची सायकल मात्र चालत होती. चालेनासा झाला तो माझा गुडघा.

गेल्या जून महिन्यात एका गुरुवारी मी निम्म्या चढावर थांबलो. उतरलो. पूर्वीही अनेकदा उतरून चाललो आहे. त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. माझ्या लहानपणी आमच्या गावी एक परदेशी फादर सायकलने येत असत. ओढ्याच्या चढापाशी ते पायउतार होत, झगा सावरत आणि आम्हा पोरांशी गप्पा मारीत सायकल ढकलत वर येत. तेव्हापासून चढावर उतरणे हा मला सायकलस्वारीचाच एक भाग वाटत आला. पण त्या दिवशी उतरूनही पाऊल पुढे पडेना. एका लिंबाखाली अर्धा तास बसलो आणि सायकल उताराच्या दिशेने वळवून घरी आलो. अण्णांना फोनवर सांगितले, पाहुणे आले आहेत.

पुढच्या गुरुवारी पाऊस आडवा आला. त्याच्या पुढच्या गुरुवारी आणखी काही. खोटे बोलण्याची मला सवय नाही, त्यामुळे माझी कारणे लवकरच संपली. चार महिने असे गेले. एस.टी. मुख्य रस्त्यावर सोडते, पण तिथून आतली पाणंद पायी तुडवणे हे गुडघ्याला चढाइतकेच अवघड. एकदा अण्णाच फोनवर म्हणाले, "मास्तर, पाहुण्यांना लिनिमेंट लावता की नाही?" मी हसलो, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ अंगणात तसाच उभा राहिलो.

हाडांच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांची झीज दाखवली. सायकल सोडू नका, असे ते म्हणाले. सपाटीवर हलके पाय फिरवणे सांध्याला चांगलेच, फक्त उभ्या चढावर जोर लावून पॅडल दाबणे बंद करा. म्हणजे सायकल हवी, चढही हवा, पण जोर नको. विजेवर चालणाऱ्या सायकलीचा विचार माझ्या मनात आला तो इथे.

मुलगा पुण्याहून म्हणाला, "पप्पा, त्यापेक्षा विजेची स्कूटरच घ्या." त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण ती पाणंद त्याने पाहिलेली नाही. कुठे सुटा मुरूम, कुठे मुठीएवढे गोटे, मध्ये एक नाला, आणि पाऊस पडला की काळी माती चाकाला अशी चिकटते की साध्या सायकलीचे चाक मडगार्डात अडकून बसते. शंभर किलोची स्कूटर तिथे आडवी झाली तर ती उचलायला मला चार माणसे बोलवावी लागतील. त्या वाटेला रुंद, खाचदार टायरांची, चाक आणि सांगाडा यांत मोकळी जागा असलेली डोंगरी सायकलच हवी. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या काही तरुणांनी १९७०च्या दशकात जुन्या जाडजूड सायकली डोंगरावरून खाली पिटाळण्यासाठी हा प्रकार जन्माला घातला. तो अडुसष्टाव्या वर्षी जामखेडच्या एका निवृत्त मास्तराच्या उपयोगी पडेल, हे त्यांच्या स्वप्नातही नसणार.

पैशांचा प्रश्न याहून नाजूक होता. घरात साठ हजार रुपये बाजूला ठेवलेले होते. ते माझे नव्हते. पत्नीने शिलाईच्या कामातून, डाकघरात महिन्याला थोडे थोडे टाकून ते साठवले होते. आणि उद्देश ठरलेला होता, माझ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला हातभार. मी विषय काढला तेव्हा तिने मशीन थांबवले नाही. शिवण संपल्यावर म्हणाली, "अहो, गुडघा बदलायचे पैसे सायकलीत घालायचे, आणि सायकलीवरून पडून पुन्हा गुडघाच फोडायचा?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. आठवडाभर तो विषय आमच्या घरात जेवायच्या ताटासारखा मध्ये मांडलेला होता, पण कोणी त्याला हात लावत नव्हते. मग एका रात्री तिनेच विचारले, "अण्णांकडे कुणी दुसरं वाचणारं जातं का?" मी नाही म्हणालो. तिने तीन अटी घातल्या: डोक्यावर शिरस्त्राण, पोहोचल्याबरोबर फोन, आणि सूर्य मावळायच्या आत घरी. पैसे तिने दुसऱ्या दिवशी काढून आणले. त्यातला एकही रुपया वाया जाऊ नये, ही जबाबदारी मग माझ्यावर आली, आणि मी अभ्यासाला लागलो.

वाचकहो, या सायकलींत बाहेरून एकसारखे दिसणारे दोन प्रकार आहेत. एकात मोटार मागच्या चाकाच्या तुंब्यात बसवलेली असते, दुसऱ्यात पॅडलच्या दांड्यापाशी, मधोमध. मधली मोटार चेनमधून आणि गिअरमधून जोर लावते. म्हणून उभ्या चढावर लहान गिअर टाकला की तिला श्वास मिळतो. चाकातल्या मोटारीला गिअरचा आधार नाही. चाक फार हळू फिरू लागले की वीज चढण्यापेक्षा तापण्यातच अधिक खर्च होते. मला मधली मोटारच घ्यावीशी वाटली. पण आपल्याकडे तशा सायकली बहुतांशी बाहेरून येतात आणि त्यांच्या किमती लाखांत जातात. तेव्हा चाकातली मोटार घ्यायची आणि तिला चढावर अगदी मंद होऊ द्यायचे नाही, म्हणजे स्वतःच्या पायांसाठी लहान गिअर ठेवायचा, अशी तडजोड केली. पुढे मिस्त्रीकडून मागचे सर्वांत मोठे दातेरी चाक आणखी मोठे बसवून घेतले.

त्याहून महत्त्वाची गोष्ट मला पडल्यावर कळली. मोटारीला मदत केव्हा आणि किती करायची, हे सांगणारे एक यंत्र पॅडलपाशी असते. स्वस्त सायकलीत ते फक्त पॅडल फिरते आहे एवढेच ओळखते. अर्धा फेरा झाला की मोटार एकदम धक्का देते, मग तुम्ही पाय हलकेच ठेवलेला असो की जोराने. एका दुकानात सपाट रस्त्यावर मला त्याची गंमत वाटली. मी चढ मागितला. विक्रेता मुलगा म्हणाला, "काका, आधी एका चार्जिंगमध्ये किती जाते ते बघा ना." मी हट्टाने मागच्या बाजूच्या मुरमाड चढावर गेलो, सुरुवात केली, आणि चाक जागच्या जागी फिरून मी डाव्या कोपरावर पडलो. खरचटले तेवढेच. घरी मी कोपर दारावर आपटले म्हणून सांगितले. हे लिहिताना पहिल्यांदाच खरे सांगत आहे. दुसऱ्या प्रकारचे यंत्र पायाचा दाब मोजते. तुम्ही हळू दाबले तर मोटार हळू, जोराने दाबले तर जोराने. त्या सायकलीवर मुलाने मला पुण्यात एका टेकडीच्या रस्त्यावर नेले, आणि चढताना पाठीवर कुणीतरी हात ठेवून चालते आहे असे वाटले. पाय थांबवले की तो हातही निघून जातो.

इथे मला आरोळे दाम्पत्याची आठवण झाली. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले. खेड्यातल्याच, बहुतेक अक्षरशत्रू असलेल्या बायांना त्यांनी गावाचे आरोग्य सांभाळायला शिकवले, आणि १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावाने स्वतः हातपाय हलवावेत आणि बाहेरच्याने तेवढाच जोर जोडावा, ही त्यांची रीत. सायकलीच्या यंत्रावरून एवढ्या थोर कामाची आठवण काढणे जरा अतिप्रसंगाचे आहे. पण आमच्या तालुक्यातल्या माणसाला ती सुचणारच.

बॅटरीचे गणित मी अण्णांकडूनच सोडवून घेतले, फोनवर. मी, सायकल आणि पिशवी मिळून शंभर किलो धरले. चढ दीडशे मीटर धरला. अण्णांनी तोंडी हिशेब केला: नुसते वर उचलायला चाळीस-एक वॉट-तास. चाकांचे घर्षण, वारा, मोटारीत वाया जाणारी उष्णता हे सगळे धरून त्याच्या तिप्पट-चौपट म्हणा. छत्तीस व्होल्ट आणि दहा अँपिअर-तासांच्या बॅटरीत तीनशे साठ वॉट-तास मावतात, आणि येताना उतारच. म्हणजे एवढी पुरे. विक्रेता मोठ्या बॅटरीचा आग्रह धरीत होता. तिच्याबरोबर येणारे वजन नाल्यातून ढकलायचे मला होते, त्याला नव्हते. बॅटरी काढून घरात आणता येते हे मात्र पाहून घेतले. उन्हात तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये आणि ती रोज तळापर्यंत रिती करू नये, म्हणजे ती अधिक वर्षे टिकते. एका वेळच्या चार्जिंगला अर्धा युनिटही वीज लागत नाही.

कायद्याची भीती मुलाने घातली होती, तीही निराधार निघाली. मोटार पाव किलोवॉटच्या मर्यादेतली असेल आणि ताशी पंचवीस किलोमीटरला तिची मदत बंद होत असेल, तर परवाना लागत नाही, नोंदणीही नाही. युरोपातही मर्यादा हीच आहे. जर्मनीत २०२३ साली विकल्या गेलेल्या सायकलींपैकी निम्म्याहून अधिक विजेच्या होत्या.

पण सर्वांत उपयोगी सल्ला मिळाला तो आमच्या चौकातल्या पंक्चरवाल्याकडून. पैसे भरण्याआधी मी त्याला विचारले. तो म्हणाला, "सर, काटा तर लागणारच. मोटारीचं चाक काढायचं तर वायर सोडवावी लागेल. तिची जोड बाहेर, हाताला येईल अशी असेल तरच घ्या. नाहीतर दर वेळी नगरला टेम्पोनं न्याल." मी त्याप्रमाणे पाहिले. मधली दांडी खाली उतरलेली घेतली, कारण पाय मागून फेकून बसण्याचे दिवस गेले. दोन्ही ब्रेक डिस्कचे, आणि ब्रेक दाबताच मोटार बंद पडते याची स्वतः खात्री केली. सायकल तेवीस किलो भरली. साठ हजारांतले थोडे उरले, ते पत्नीला परत दिले. तिने मोजून घेतले.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी निघालो. चढ लागला तसा लहान गिअर टाकला, मदत दुसऱ्या पायरीवर ठेवली. गुडघा कुरकुरत होता, पण दुखत नव्हता. लिंबाचे झाड आले. तिथे क्षणभर थांबावे असे मनात होते. पाय थांबले नाहीत. पाणंदीच्या नाल्यात मात्र उतरलो. या सायकलीला एक बटन आहे, ते दाबून धरले की ती तुमच्या चालीने, आपल्याआपण, बाजूने चालते. पलीकडच्या काठावर बैलासारखी माझ्या आधी चढली.

अण्णा चिंचेखाली बाजेवर बसले होते. मी अगदी जवळ जाऊन हाक मारली तेव्हा ते दचकले. मग उठले आणि सायकल हातांनी पाहू लागले. टायरच्या खाचांवरून बोटे फिरवली, मागचा तुंबा चाचपला, म्हणाले, "मोटार इथे. अजून गरम आहे." बॅटरीवर टिचकी मारली, हँडलच्या दोन्ही मुठी तपासल्या. पुन्हा एकदा डावीकडून उजवीकडे हात नेला.

"मास्तर, घंटी कुठे आहे?"

घंटी नव्हती. एवढे सगळे पाहिले, ती राहिली.

"म्हणूनच आज तुम्ही आल्याचे कळले नाही," ते म्हणाले. "ती नाल्यापासून ऐकू यायची. मग मी सुनेला चहा टाकायला सांगायचो."

त्या दिवशी चार महिन्यांची वर्तमानपत्रे पुढ्यात होती; आम्ही जूनपासून सुरुवात केली. पत्नीला फोन करायचे विसरलो, आणि त्याचे जे व्हायचे ते घरी गेल्यावर झाले.

अॅटलासची घंटी काढायला पंक्चरवाल्याला रॉकेल टाकून रात्रभर स्क्रू भिजत ठेवावा लागला. नव्या हँडलची नळी मधोमध जाड, तिथे ती बसेना. शेवटी मुठीजवळ, ब्रेकच्या आणि बटनाच्या मध्ये, जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून बसवली. थोडी तिरकी बसली आहे. पुढच्या गुरुवारी नाल्याच्या अलीकडूनच वाजवली. वस्तीवरून अण्णांनी काहीतरी ओरडून सांगितले. काय ते मला ऐकू आले नाही. कानांचे पुढे कधीतरी पाहू.