छत्तीस सेल आणि एक पावसाळा

घरी सोलर पॅनल बनवता येतं. इंदूरच्या शाळांमधून भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी उमर गेली, त्यामुळे फळ्यावर हे सिद्ध करणं सोपं होतं. हाताने करून पाहिलं ते मात्र निवृत्तीनंतर, लोकमान्य नगरातल्या आमच्या गच्चीवर. पॉलिटेक्निकला जाणारा भाचा बरोबर होता. "आत्या, तयार पॅनल आणून आपल्याला काय कळणार?" असं तो म्हणाला आणि मला ते पूर्ण पटलं.

सामानासाठी आम्ही महारानी रोड पालथा घातला. सेल, त्यांना जोडायची कथील चढवलेली तांब्याची पट्टी, फ्लक्स, डायोड, जंक्शन बॉक्स. एका दुकानदाराने आमची यादी वाचली आणि मायेनेच म्हटलं, "भिया, बना-बनाया ले जाओ, सस्ता पड़ेगा." हिशेब त्याचाच खरा निघाला. कारखाने सेल लाखांनी उचलतात. किरकोळीत आपल्या हाती येतात ते बहुधा कोपरा उडालेले, दुसऱ्या प्रतीचे. काच आणि फ्रेम धरली तर आमचा खर्च तेवढ्याच वॉटच्या तयार पॅनलच्या वर गेला.

पण त्या कामात जे हाती लागलं त्याची किंमत मी या हिशेबात धरत नाही. सेल म्हणजे सिलिकॉनचा सहा इंची चौकोनी पापुद्रा, जाडी मिलिमीटरच्या पाचव्या भागाहून कमी. जरा जोर पडला की तडकतो. उन्हाकडची बाजू ऋण, पाठ धन. म्हणून पट्टी एकाच्या पोटावरून निघून पुढच्याच्या पाठीखाली जाते. एक सेल जेमतेम अर्धा व्होल्ट देतो. १२ व्होल्टची बॅटरी भरायची तर छत्तीस सेल एकापाठोपाठ एक जोडावे लागतात. सोल्डरिंग आयर्न एका जागी रेंगाळलं तर सेल जातो, घाई केली तर टाका कच्चा राहतो. भाच्याचा हात माझ्यापेक्षा लवकर बसला. पॅनल उन्हात धरून मल्टिमीटर लावला आणि २१ व्होल्ट दिसले, तेव्हा खालून वहिनी काय झालं म्हणून वर धावत आली, इतका तो ओरडला.

इंदूर कर्कवृत्ताच्या थोडं खाली आहे, त्यामुळे बावीस-तेवीस अंशांचा उतार दक्षिणेकडे दिला की वर्षभराचं गणित जमतं. मे महिन्यात एक गोष्ट भाच्याला नवीन कळली. ऊन भर डोक्यावर आणि वीज मात्र अपेक्षेहून कमी! उन्हात सेल साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापतो आणि पंचवीसच्या वरच्या दर अंशाला त्याची ताकद साधारण ०.४ टक्क्यांनी घटते. पॅनलला हवा असतो तो उन्हातला प्रकाश. उष्णता त्याची वैरीण आहे. वर्गात हे वाक्य मी कितीदा सांगितलं असेल, पण मुलाच्या डोळ्यांत ते उतरताना असं कधी पाहिलं नव्हतं.

मग माळव्याचा पावसाळा आला. दसऱ्याच्या सुमारास पाहिलं तर काचेच्या आत, खालच्या कोपऱ्यात, धुकं धरलेलं. पट्ट्यांवर हिरवट काळी बुरशी चढावी तसा गंज. वीज निम्म्याहून खाली. एकेरी मालिकेत एक सेल मंदावला की सगळ्यांचाच प्रवाह अडतो. पाइप एका जागी चेपला की वरची टाकी कितीही भरलेली असो, धार बारीकच येते, तसं. वर त्या मंदावलेल्या सेलमध्ये उष्णता साठते आणि तो डाग पाठीमागचा पत्रा किंवा प्लाय जाळू शकतो. म्हणून आम्ही ते पॅनल उतरवलं.

पॅनलचं खरं मर्म सेल जोडण्यात नसून ते सीलबंद करण्यात आहे, हे मी आता ठामपणे सांगते. कारखान्यात सेलच्या खाली-वर ईव्हीए नावाच्या प्लास्टिकचे पातळ तक्ते ठेवून सगळं लॅमिनेटरमध्ये घालतात. तिथे आतली हवा ओढून घेतात आणि दीडशे अंशांच्या आसपास तापवून काच, सेल, पाठ एकजीव करतात. घरी सिलिकॉन ओतून किंवा कडांना लेप लावून ते साधत नाही. तयार पॅनलची पंचवीस वर्षांची हमी त्या यंत्रातून येते.

एकट्याच्या गच्चीला लॅमिनेटर परवडत नाही, पण चार गावांच्या बायकांना मिळून परवडतो. राजस्थानातल्या डुंगरपूरच्या आदिवासी स्त्रिया आधी सौर दिवे जोडायला शिकल्या, ते विकले, आणि २०१७ मध्ये आयआयटी मुंबईच्या मदतीने त्यांचा स्वतःचा पॅनलचा कारखाना उभा राहिला. त्यामागचे प्राध्यापक चेतनसिंह सोळंकी आपल्या शेजारच्या खरगोन जिल्ह्यातले; २०२० पासून ते सौर बसमध्ये राहून देशभर फिरत आहेत. स्वतः पॅनल बनवावं का, या प्रश्नाला डुंगरपूर हे मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उत्तर आहे. तिथे बनवणाऱ्या बायकाच मालक आहेत.

लोकसहभागाची आणखी एक तऱ्हा इंदूरने दाखवली. नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर लांबून चढवत शहरात आणावं लागतं आणि पंपांचं वीजबिल महापालिकेला पेलेनासं झालं होतं. २०२३ च्या फेब्रुवारीत पालिकेने लोकांसाठी हरित रोखे काढले, २४४ कोटी रुपये उभे केले, जलूदच्या ६० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी. आपल्या नळाच्या पाण्यामागच्या पॅनलमध्ये सामान्य माणसाचा पैसा असावा, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

घराच्या छताचं म्हणाल तर घरी केलेलं पॅनल तिथे चालत नाही, आणि चालू नये. नेट मीटरिंगला मानांकित पॅनल लागतात. छतावरच्या जोडणीत शेकडो व्होल्टचा एकदिश प्रवाह असतो, त्याची ठिणगी आपोआप विझत नाही. शिवाय २०२४ च्या सूर्यघर योजनेत एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्तीला ७८ हजार रुपये अनुदान आहे, तेही देशी सेलच्या पॅनलला आणि नोंदणीकृत विक्रेत्यामार्फत. एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतो. आमच्या कूलर आणि फ्रिजच्या घराला तीन किलोवॉट पुरले. मात्र ज्यांचा वापर महिन्याला १५० युनिटच्या आत आहे, त्यांना मध्य प्रदेशात गृहज्योती योजनेत पहिली शंभर युनिटं शंभर रुपयांत मिळतात. त्यांनी घाई करू नये, असं मी ओळखीच्यांना सांगते.

हाताने करायचंच असेल तर वीज सोडून उष्णतेकडे वळावं. हे मला सनावदियाला कळलं. इंदूरजवळच्या या गावात जनक पलटा मगिलिगन राहतात. १९८५ मध्ये सुरू झालेल्या बरली संस्थेत त्यांनी ग्रामीण, आदिवासी मुलींना घडवलं, २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उत्तर आयर्लंडहून आलेले त्यांचे पती जिमी, जे २०११ मध्ये अपघातात गेले, सौर चुली स्वतः बनवत आणि शिकवत. छत्रीसारख्या वळणाची, जेमतेम दीड मीटर व्यासाची आरशाची चूल भात, डाळ बिनधुराची शिजवते. तिला लॅमिनेटर लागत नाही, मानांकन लागत नाही. वळण बरोबर हवं, पत्रा चकचकीत हवा, आणि बिघडलं तर गावातला लोहार दुरुस्त करतो. पाऊस आत शिरून खराब होईल असं तिच्यात काही नाहीच.

आमच्या पॅनलमधले धड निघाले ते सेल भाच्याने कॉलेजला नेले, पहिल्या वर्षाच्या मुलांना टाका शिकवायला. काच मी ठेवून घेतली. तिच्याखाली काळ्या रंगाचा पत्रा, खाली आणि वर हवेला फटी, आत जाळी, अशी वाळवणाची पेटी आम्ही करतो आहोत. गच्चीवर चादर पसरली की धूळ आणि कावळे यांच्याशी झगडा असतो, तो वाचेल. वहिनीने सोऱ्या शोधून ठेवला आहे आणि चैत्रात कुरडया घालायच्या आहेत, त्याच्या आत पेटीची जाळी बसवायला हवी.