पॉइंट आठ, पॉइंट नऊ

१. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात (आयसीडी-१०) टिंबानंतर बहुधा ८ आला की ‘इतर निर्देशित’, ९ आला की ‘अनिर्देशित’. आठ म्हणजे डॉक्टरांनी नेमकं लिहिलंय, पण पुस्तकात त्याला स्वतंत्र घर नाही. नऊ म्हणजे पुस्तकात घरं आहेत, केसपेपरवर पत्ता नाही. आकडे शेजारी, दोष वेगवेगळ्यांचा.

२. जे १८.९ : न्यूमोनिया, अनिर्देशित. कल्चर पाठवलंच नव्हतं. अँटिबायोटिकने ताप उतरला, पेशंट चालत घरी गेला. जंतू कोणता, हे कळण्यावाचून कोणाचं अडलं नाही. हा नऊ मला प्रामाणिक वाटतो.

३. एच ६६.९० (अमेरिकी आवृत्ती) : मध्यकर्णदाह, अनिर्देशित; कान, अनिर्देशित. तपासणाऱ्याने कानात बॅटरी मारून पाहिलेलं असतं. पुण्यात बसून अमेरिकेतल्या फाइली उघडणाऱ्या कोडरपुढे मात्र फक्त कागद. अंदाज करायला मनाई. डॉक्टरांना विचारायची मुभा आहे, तिकडे उजाडल्यावर.

४. एक्स २९ : अनिर्देशित विषारी प्राणी किंवा वनस्पती यांचा संपर्क.
नातेवाईक : “भात कापताना कायतरी चावलं.”

५. मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र, नमुना ४. कारण म्हणजे आजार, इजा किंवा गुंतागुंत. हार्ट फेल्युअरसारखी मरणाची रीत लिहू नये, असं फॉर्मवरच छापलेलं असतं. त्याच्याच शेजारी निळ्या शाईत : ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’. हृदय थांबल्याशिवाय कोण मेलंय? असल्या नोंदींना आकडेवारीवाले ‘गार्बेज कोड’ म्हणतात.

६. वर्तमानपत्रातले कप्पे : अल्पशा आजाराने. दीर्घ आजाराने. वृद्धापकाळाने. दुसरा वाचून घरोघरी आवाज खाली येतो.

७. २०२२. एलिझाबेथ राणीच्या मृत्युनोंदीत कारण एवढंच : वार्धक्य. वय ९६. आयसीडी-१० मध्ये त्याला आर ५४ आहे. आयसीडी-११ त्याच वर्षी १ जानेवारीपासून लागू झालं. त्यात ‘म्हातारपण’ हे शीर्षक यायचं होतं. ज्येष्ठांच्या बाजूने आक्षेप आले आणि तिथे ‘वयाशी निगडित क्षमतेची घट’ अशा अर्थाचं लांबलचक काहीतरी आलं.

८. यू या अक्षराखाली पुस्तकाने काही कोड मुद्दाम रिकामे ठेवलेले. न आलेल्या आजारांसाठी.

९. २०२० मध्ये त्यांतले दोन भरले. यू ०७.१ : कोविड, विषाणू सापडला. यू ०७.२ : कोविड, विषाणू सापडला नाही.