पाण्यावरचं बिऱ्हाड

"आई, आम्ही घर घेतलं. लंडनमध्ये, पाण्यावर!" लेकीचा फोन आला तेव्हा मी आधी पत्ता विचारला. दिवाळीचा फराळ पाठवायचा होता ना! तर म्हणते कशी, "पत्ता नाही गं. दर चौदा दिवसांनी आमचं घर हलतं."

माझ्या पोटात गोळाच आला. भाडी परवडत नाहीत म्हणून लेक-जावई होडीत राहतात, हे शेजारणींना सांगायचं तरी कसं? शेवटी मे महिन्यात स्वतःच गेले. समजूत घालून दोघांना जमिनीवर आणायचं, असं मनाशी ठरवूनच.

या होडीला नॅरोबोट म्हणतात. लेकीची ५७ फूट लांब, पण रुंदीला सात फुटांहून जरा कमीच. इंग्लंडातल्या बऱ्याच जुन्या कालव्यांचे लॉक सात फुटी, म्हणून होड्याही तशाच. आत आगगाडीच्या डब्यासारखं सगळं एकामागे एक: कोळशाची शेगडी, ओटा, न्हाणीघर, पलंग. कायमची जागा घेतली नसेल, तर एका ठिकाणी १४ दिवसांहून जास्त थांबायचं नाही. पाणी काठावरच्या नळावरून टाकीत भरायचं आणि संडासाची पेटी आपणच नेऊन रिकामी करायची! मी कपाळाला हात लावला. पाण्याचं मात्र मला कोण शिकवणार? आमच्याकडे दिवसाआड नळ. खरकटी भांडी आधी कागदाने पुसून मग घमेल्यात विसळायची, ही माझी युक्ती जावयांनी लगेच उचलली.

आम्ही पॅडिंग्टनजवळच्या लिटल व्हेनिसहून रीजंट्स कालव्याने निघालो. वेग आपल्या चालण्याइतका. रीजंट्स पार्कजवळ एक पूल लागतो. २ ऑक्टोबर १८७४ ला त्याच्याखाली दारूगोळ्याच्या होडीचा स्फोट झाला नि पूल उडाला. त्याचे लोखंडी खांब पुन्हा उभारले, ते उलट बाजूने फिरवून. होड्या ओढणाऱ्या घोड्यांच्या दोरांनी त्यांवर दोन्हीकडे खाचा पडल्यात. आपल्या आडाच्या काठाला पडतात ना, अगदी तशा.

प्रिमरोझ हिलला होडी बांधून आम्ही पायी १०, किंग हेन्रीज रोडला गेलो. १९२१-२२ मध्ये शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहत. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने हे घर विकत घेतलं. दारात उभी राहिले नि डोळे भरून आले. तेही परक्या गावात भाड्याच्याच खोलीत राहिले होते की!

पुढे कॅम्डनला एकापाठोपाठ तीन लॉक. हातकिल्ली फिरवून पाणी सोडायचं, की होडी पायरी उतरल्यासारखी खाली जाते. मग लाकडी दाराला पाठ लावून रेटायचं. मीही पदर खोचून रेटलं!

इझ्लिंग्टनचा बोगदा ८७८ मीटरचा. आत काठ नाही. म्हणून पूर्वी घोडा टेकडीवरून नेत आणि माणसं होडीत उताणी पडून भिंतीवर पाय मारीत ती पुढे ढकलत. आत मिट्ट काळोख, वरून थेंब ठिबकताहेत. माझी जीभ टाळ्याला चिकटली. सुकाणूवर लेक. लहानपणी दिवे गेले की माझा पदर न सोडणारी हीच का ती? "आई, समोर उजेडाचा ठिपका दिसतो ना? तोच बघत राहा," ती शांतपणे म्हणाली.

बोगद्याबाहेर आलो आणि ठरवून आणलेलं माझं भाषण मी गिळलं.

बारा लॉक उतरून कालवा लाइमहाउसला थेम्सजवळ संपतो. १८२० पासून कोळसा, लाकूड याच वाटेने शहरात येई. मैत्रिणींनो, लंडनला गेलात तर लिटल व्हेनिस ते कॅम्डन काठाकाठाने जरूर चाला. पैसा लागत नाही. फक्त चपला चांगल्या हव्यात नि मागून येणाऱ्या सायकलींकडे लक्ष हवं.

संडासाची पेटी मला अजूनही पटलेली नाही, खोटं कशाला बोलू? पण यंदाचा फराळ लेकीच्या ऑफिसच्या पत्त्यावर जाणार आहे. आणि शेजारणींना मी आपणहून सांगते, "आमची लेक होडी चालवते हो!"