‘सांभाळ’ आणि ‘हिस्सा’ : दोन शब्दांतलं अंतर शिकवणारा एक चित्रपट



जुन्या काळातला इंग्रजी प्रेमपट म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? लांब झगे, घोडागाड्या, हिरवीगार कुरणं आणि शेवटी चर्चमधलं लग्न. ‘आपल्या मुलांना याचा काय उपयोग?’ असा प्रश्न तुम्हाला पडणं साहजिक आहे. म्हणूनच आज ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ या १९९५ सालच्या चित्रपटाविषयी लिहिते आहे. ही प्रेमकथा आहेच, पण तिची सुरुवात प्रेमाने होत नाही. ती होते एका मृत्यूने आणि त्यामागोमाग आलेल्या वाटणीने.

आधी थोडी माहिती. ही कादंबरी जेन ऑस्टिन यांची. ती १८११ मध्ये छापली गेली तेव्हा तिच्यावर लेखिकेचं नाव नव्हतं, फक्त ‘एका स्त्रीने लिहिलेली’ एवढंच होतं. छपाईच्या नुकसानीची जोखीमही लेखिकेनेच घेतली होती. पहिली आवृत्ती संपली आणि तिला १४० पौंड मिळाले. जेनचे वडील १८०५ मध्ये वारले, तेव्हापासून ती, तिची आई आणि बहीण कॅसँड्रा भावांच्या मदतीवर दिवस काढत होत्या. म्हणजे ती जे लिहीत होती ते तिच्या घरातलंच होतं. चित्रपटाचं दिग्दर्शन तैवानच्या अँग ली यांनी केलं. पटकथा एमा थॉम्पसन यांची, आणि थोरल्या एलिनॉरची भूमिकाही त्यांचीच. या पटकथेला ऑस्कर मिळालं. अभिनय आणि लेखन या दोन्हींसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या त्या एकट्याच आहेत.

आता गोष्ट. श्री. डॅशवुड मरणशय्येवर आहेत. पहिल्या बायकोपासून झालेला मुलगा जॉन आधीच सधन. दुसरी बायको आणि तिच्या तीन मुली, एलिनॉर, मारियान आणि छोटी मार्गारेट, यांच्यासाठी मात्र फारसं काही नाही. नॉरलँडची इस्टेट जॉनकडेच जाणार. म्हणून वडील त्याच्याकडून वचन घेतात, की तू यांना मदत कर. जॉन मनापासून ‘हो’ म्हणतो. प्रत्येकी १००० पौंड, म्हणजे एकूण ३००० द्यायचे असं तो ठरवतोही.

मग त्याची बायको फॅनी बोलायला लागते. ३००० चे १५०० होतात. मग ‘एकदम कशाला, वर्षाला १०० देऊ.’ मग ‘दरवर्षीचं ओझं नको, अधूनमधून काहीतरी देऊ.’ कादंबरीत तर गोष्ट इथवर येते की सामान हलवायला हातभार लावला आणि हंगामात मासे, शिकार पाठवली की वचन पाळलं! आणि गंमत म्हणजे, दर पायरीवर जॉनला वाटत असतं की आपण भले वागतोय.

हा भाग मी नववीच्या वर्गाला दाखवला. संवाद थांबवून थांबवून मराठीत सांगितले. नंतर एकच प्रश्न फळ्यावर लिहिला : ‘जॉन नेमका कोणत्या वाक्यापासून अप्रामाणिक झाला?’

वर्गात चांगलीच जुंपली. कोणी म्हणालं १५०० ला, कोणी म्हणालं १०० ला. एकाचं म्हणणं, ‘बाई, चूक फॅनीची आहे, तो बिचारा साधा आहे.’ त्यावर मागून एक मुलगी म्हणाली, ‘साधा कसा? कमी करायला ती सांगते, पण हिशेब तोच करतोय.’ मग एक शांत बसणारा मुलगा उठला. ‘बाई, गडबड पहिल्याच वाक्यात आहे. वडील नुसतं मदत कर म्हणाले. किती, ते म्हणालेच नाहीत.’

तिथेच आमचा भाषेचा तास सुरू झाला. फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. ‘बहिणींना सांभाळ.’ ‘बहिणींना त्यांचा हिस्सा दे.’ पहिल्या वाक्यात माया जास्त आहे, सगळ्यांनीच मान्य केलं. पण त्यात देणारा मोठा होतो आणि घेणारा लहान. किती आणि कधी हे देणारा ठरवतो. दुसरं वाक्य कोरडं आहे, पण त्यात आकडा आहे. ‘मदत’, ‘आधार’, ‘वाटा’, ‘हक्क’, ‘उपकार’ असे शब्द मुलांनी या दोन वाक्यांखाली वाटून लिहिले. शब्दांच्या छटा शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

चित्रपटात एलिनॉर धाकट्या मार्गारेटला समजावते, की घरं वडिलांकडून मुलाकडे जातात, मुलीकडे नाही. तसा कायदाच आहे. कादंबरीत कारण जरा वेगळं आहे : एका वृद्ध काकांच्या मृत्युपत्रामुळे इस्टेट जॉन आणि त्याच्या चार वर्षांच्या मुलासाठी बांधली गेलेली असते. कादंबरी आणि चित्रपट यांची तुलना करायला हा मुद्दा मोठ्या वर्गांना जरूर द्या. गणिताच्या शिक्षकांसाठीही एक उदाहरण आहे. मायलेकींकडे मिळून १०,००० पौंड उरतात आणि त्यावर वर्षाला ५०० मिळतात. व्याजाचा दर काढा! त्या ५०० मध्ये चौघींना राहायचंय, म्हणून डेव्हनशायरच्या छोट्या घरात साखर आणि गोमांस कमी करण्यावरून वाद होतो. पुढे विलोबी मारियानला सोडून ५०,००० पौंडवाल्या मुलीशी लग्न करतो. तेव्हा ही प्रेमकथा पैशापासून कधीच वेगळी नव्हती, हे मुलांना आपोआप कळतं.

आता पालकांसाठी थोडं, कारण हा विषय १८११ चा किंवा इंग्लंडचाच नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला, पण आधीच लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ मध्ये केंद्राच्या कायद्याने तो देशभर दिला, आणि हा हक्क जन्मानेच मिळतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे एलिनॉरला नव्हता तो कायदा आपल्या मुलींकडे आहे. पण आपल्याकडे हक्कसोडपत्रही आहे. ‘ताई, फक्त एक सही.’ हे वाक्य तुमच्यापैकी किती जणींनी ऐकलंय?

मी ऐकलंय. वडील गेल्यावर दोन महिन्यांत भावाने कागद आणला. माझा भाऊ वाईट माणूस नाही. आईचं औषधपाणी तोच बघतो. ‘माहेर तुझंच आहे, तुला काय कमी पडू देणार आहे का मी?’ असं तो म्हणाला आणि ते त्याच्या मनातलंच होतं. जॉनच्याही मनातलंच होतं. मी सही केली नाही. म्हटलं, ‘माझं नंतर बघू. पण आईचं नाव आधी घरावर आणि सातबाऱ्यावर लागू दे.’ त्या वर्षी भाऊबीज दहा मिनिटांत उरकली. चार महिने फोन आला नाही. नातेवाइकांत ‘शिकलेली आहे ना, म्हणून’ असंही झालं. शेवटी वारस नोंद झाली, आईचं नाव लागलं, माझंही लागलं. भाऊ आता बोलतो, पूर्वीइतकं नाही. आई मात्र तलाठ्याकडून आलेला तो उतारा देवघरातल्या डब्यात ठेवते.

म्हणून वाटतं, चित्रपटाची सगळी १३६ मिनिटं नाही, तरी पहिली वीस मिनिटं आठवी-नववीच्या मुलामुलींबरोबर बसून बघा. मुलींबरोबर तर बघाच, पण मुलांबरोबर आवर्जून बघा, कारण उद्या कागद घेऊन येणारे तेच असणार आहेत. आणि बघून झाल्यावर तुमच्या घरातही तो प्रश्न विचारा : जॉन नेमका कोणत्या वाक्यापासून अप्रामाणिक झाला? उत्तर घाईने सांगू नका. आधी मुलांना भांडू द्या.