आधी घरातली यादी

नांदेड,
मार्गशीर्ष

चि. ताईस,


शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासासाठी लातूरहून आणायच्या सामानाची तुझी यादी मिळाली: फोमचे रंगीत कागद, ग्लू गन, चमकी, सॅटिनच्या पट्ट्या, तयार मणी. मुलांच्या हातून काहीतरी देखणं घडावं, ही तुझी तळमळ त्यात दिसते. तरी ही यादी थोडे दिवस बाजूला ठेव आणि आधी मुलांकडूनच दुसरी एक यादी करून घे. घरात, गोठ्यात, शेताच्या बांधावर काय काय पडून आहे, याची. आपल्या भागातली बरीचशी हस्तकला अशाच यादीतून आली आहे. शेतातलं पीक बदललं, अंगावरचं कापड बदललं, की ती यादी बदलते आणि तिच्याबरोबर हातातलं कामही.

लुगड्याचंच बघ. नऊवारी सुती लुगडं मधोमध विरलं तरी बायका ते टाकून देत नसत. विरलेला भाग काढायचा आणि दोन्हीकडची धड टोकं एकमेकांना जोडायची. याला दंड घालणं म्हणत. दंडाचं लुगडंही नेसण्यापलीकडे गेलं की त्याचा धडपा व्हायचा. त्यातून बाळाची दुपटी निघायची, लंगोट निघायचे, झोळी व्हायची, डोक्यावर घागर घ्यायला चुंबळ व्हायची. उरलेलं वाकळीत, म्हणजे गोधडीत, जाई. वाकळ पुरती फाटली की शेवटी तिचं पोतेरं. प्रत्येक टप्प्यावर कापड हातात घेऊन, उजेडात धरून, बोटांनी ताणून कुणीतरी ठरवत असे की यात अजून किती जीव आहे.

वाकळ जुन्याच कापडाची करतात, त्यामागे काटकसरीइतकंच जाणतेपणही आहे. वर्षानुवर्षं धुऊन कापडातली खळ गेलेली असते, सूत मऊ झालेलं असतं आणि आटायचं तेवढं ते आटलेलं असतं. चार-पाच पदरांतून सुई सहज जाते. कोऱ्या कापडाची वाकळ केली तर पहिल्या धुण्यातच ती आटते आणि टाक्यांपाशी चुण्या पडतात. वरच्या बाजूला धड कापड, आत विरलेले तुकडे, आणि सगळ्यांतून जवळजवळ घातलेला धावदोरा. या दोऱ्यामुळे ओढ एका जागी न पडता सगळीकडे वाटली जाते. म्हणूनच एकटं असताना नुसत्या ओढीनं फाटलं असतं ते कापड वाकळीत पुढची कित्येक वर्षं टिकतं.

हे ज्ञान एकट्या मराठवाड्याचं नाही. बंगालच्या कांथ्यात जुन्या साड्यांचे थर असतात आणि भरतकामाचा रंगीत दोराही साडीच्याच काठांतून उसवून काढण्याची रीत होती. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात. त्या कडेपासून सुरुवात करून आत मध्याकडे येतात आणि चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाची फुलं लावतात. अमेरिकेत अलाबामातलं गीज बेंड हे कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचं गाव. तिथल्या बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून, जीनच्या विजारींतून शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांवर तिकिटं काढली. गुडघ्यावर झिजून फिका पडलेला निळा रंग त्या गोधड्यांत जसाच्या तसा आहे आणि त्यांचं सौंदर्य बरंचसं त्याच रंगात आहे. दुकानातून तो रंग आणता आला नसता.

आता आपल्याकडं वाकळी कमी का झाल्या? आळस वाढला म्हणून नव्हे. नऊवारी जाऊन सहावारी आली, सुताच्या जागी पॉलिस्टर आलं. पॉलिस्टरचे थर एकमेकांवर घसरतात, घाम टिपत नाहीत, चुलीची ठिणगी पडली तर वितळतात. तशी साडी बोहारणीला देऊन स्टीलचं पातेलं घेतलेलं परवडतं. वाकळीचं सामानच घरातून गेलं, मग वाकळ कशी राहणार?

शेतातही हेच घडलं. परवा वेळा अमावास्येला तू मुलांबरोबर एखाद्या शेतात जाशीलच. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी सगळी गावं रानातच असतात. भज्जी-आंबील जेवताना समोरच्या कोपीकडं मुलांना नीट बघायला लाव. कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून उभ्या केल्या आणि आत पाच पांडव मांडले की देऊळ तयार. खिळा नाही, विकतचं काही नाही. पण त्यासाठी ज्वारी पेरलेली असावी लागते. लातूरच्या शिवारात सोयाबीन पसरलं तसा कडबा दुर्मीळ झाला, आणि मळणीनंतर सोयाबीनचं जे भुसकट उरतं त्याची काही कोप उभी राहत नाही.

त्याच ज्वारीच्या धाटाची पोरं बैलगाडी करत, चष्मे करत. धाटाची कडक साल सोलून तिच्या बारीक काड्या करायच्या, आतला मऊ गर तुकडे करून घ्यायचा आणि काड्या गरात टोचून जोडत जायचं. एकाच धाटात जोडायचं सामान आणि जोडणारा खिळा, दोन्ही असतात. अरविंद गुप्तांनी १९७८ च्या सुमाराला मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षण कार्यक्रमात काम करताना नेमका हाच जोडणीचा प्रश्न आठवडी बाजारातल्या वस्तूंनी सोडवला. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीतल्या काड्या घेऊन त्यांनी त्रिकोण, चौकोन, पिरॅमिड उभे केले. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. पूल आणि छपरं त्रिकोणांची का असतात हे मुलाला हातातच कळतं. पुढं पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंची असंख्य खेळणी केली आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या पोरांना ट्यूबही चालेल आणि धाटही चालेल, जे हाताशी असेल ते.

म्हणून म्हणते, यादी आजची कर. सोयाबीनबरोबर तूर अजून आहे, म्हणजे तुराट्या आहेत. त्यांचे कूड बांधले जात, खराटे होतात. वर्गात त्यांपासून फुलदाणी, चौकटी, छोटं कुंपण सहज होईल. प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी खताची रिकामी पोती असतात. पावसात पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात दुमडून डोक्यावर खोळ घेणारा माणूस मुलांनी पाहिला आहे. त्या एका घडीतून पोत्याची पिशवी, दप्तर, टोपी कशी निघेल हे त्यांनाच शोधू दे. पोती आधी चांगली धुऊन घे, खताची पूड हाताला लागू देऊ नकोस. पॉलिस्टरच्या साड्यांची वाकळ होत नसली तरी पट्ट्या कापून तिपेडी वेणी उत्तम वळली जाते. ती पाण्यानं कुजत नाही, तिची पायपुसणी होतात, पोळ्याला बैलाचे गोंडे होतात. पूर्वी अंबाडीच्या वाखाला जे काम होतं, त्यातलं काही या साडीलाही जमतं.

तुझ्या वर्गात बंजारा तांड्यावरची मुलं असतील तर एखाद्या याडीला, म्हणजे त्यांच्या आईला, सन्मानानं बोलाव. जुन्या फेटिया-कांचळीवरचे आरसे, कवड्या, नाणी जपून काढून नव्या कपड्यावर लावायची विद्या तिच्याकडं आहे. चार आण्याचं नाणं ३० जून २०११ पासून बाजारात चालत नाही. कापडावर त्याला अजून किंमत आहे. कर्नाटकात बल्लारी जिल्ह्यातल्या संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. तांड्यावरच्या पोरीला आपल्या आईचं काम शाळेत फळ्यासमोर मांडलेलं दिसेल, तेव्हा तिचा त्या तासाकडं बघायचा डोळाच बदलेल.

गणिताच्या तासालाही हे सामान वापर. नऊवार म्हणजे सुमारे ८.२ मीटर. त्याचे दोन-दोन मीटरचे तुकडे किती, चार पदरांची दुपटी किती, धावदोऱ्याच्या ओळी बोटभर अंतरावर घातल्या तर त्या किती, हे मुलांनी कापड पसरून मोजावं. गांधीजींनी १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योगाभोवती शिक्षण उभं करायचा विचार मांडला, त्याचा अर्थ मुलांना असा कापडावर कळेल.

तुझ्या आजीच्या पेटीतली दोन सुती इरकली लुगडी धुऊन उन्हात घातली आहेत. एक काठापाशी धड आहे, दुसरं फक्त आत घालण्याजोगं आहे. जाड सुया आणि पांढऱ्या दोऱ्याची रिळं बरोबर देते. पुढच्या रविवारी तुझा भाऊ लातूरला येतोय, त्याच्याकडं पाठवते. मुलांची यादी झाली की मला कळव. तुराट्या आणि पोती किती घरांत निघाली ते मुद्दाम लिही, म्हणजे पहिल्या महिन्यात काय घ्यायचं ते आपण दोघी ठरवू. ग्लू गनचे पैसे तोवर जपून ठेव, चांगल्या कात्र्या घ्यायला लागतील.

तुझी
आत्या