खोलीचे पाठभेद

साहित्याच्या शिक्षकाने इमारतींच्या नकाशांविषयी लिहावे, हा अधिकाराबाहेरचा उद्योग आहे याची आम्हांला जाणीव आहे. तरीही लिहीत आहोत, कारण ज्या कागदापासून या विचाराला सुरुवात झाली तो आमच्याच घराचा कागद होता.

आमचे बालपण वरळीच्या बी.डी.डी. चाळीत गेले. वडील गिरणीत साचे चालवीत. एका खोलीत आम्ही आठ माणसे राहत होतो. पुढे नोकरीच्या निमित्ताने आम्ही बाहेर पडलो. आई थकल्यावर ताई आणि भाऊजी तिच्याजवळ राहायला आले आणि तिच्या पश्चात खोली त्यांच्याकडेच राहिली. पुनर्विकासासाठी चाळ रिकामी करण्याची वेळ आली तेव्हा सामान बांधायला आम्हीही गेलो होतो. भिंतींवरच्या खिळ्यांखेरीज खोलीत काही उरले नाही तेव्हा ताई सहज म्हणाली, "एवढीशीच होती रे ही?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधावे म्हणून खोलीचा मूळ नकाशा पाहायचे आम्ही ठरविले.

तो पाहायला मिळेपर्यंत सात महिने गेले. कोणत्या कार्यालयात किती खेटे घातले हे सांगण्यात स्वारस्य नाही. अखेर एका दुपारी टेबलावर एक मोठा, कडा झिजलेला कागद उलगडला गेला. एका मजल्याचा आराखडा: मधोमध लांब मार्गिका, तिच्या दोन्ही अंगांना खोल्यांचे चौकोन, जिना, सामायिक संडास. दर खोली १६० चौरस फुटांची. ताईच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते. पण मग आम्ही आमची खोली शोधू लागलो आणि ती ओळखता येईना. मजल्यावरच्या वीसही खोल्या हुबेहूब सारख्या होत्या. जिन्यापासून दारे मोजीत आम्ही एका चौकोनावर बोट टेकविले, तेव्हा जे वाटले ते आनंदापेक्षा अवघडलेपणाच्या जवळचे होते. जिथे आईने तीस वर्षे स्वयंपाक केला, जिथे वडिलांनी संपाच्या काळात महिनोन् महिने भिंतीकडे तोंड करून दिवस काढले, ती जागा तिथे कोरी होती.

या चाळींचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, मुंबईत सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे पहिल्या महायुद्धानंतर कामगारांच्या घरांचा प्रश्न बिकट झाला आणि गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे स्वतंत्र खाते निघाले; बी.डी.डी. ही अक्षरे त्याचीच. आठ वर्षांत पन्नास हजार खोल्या बांधायच्या, असा संकल्प होता. त्यासाठी कर्ज उभारले गेले आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसविण्यात आला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड या चार ठिकाणी २०७ चाळी उभ्या राहिल्या. खोल्या सोळा हजारांच्या आसपास. त्यांतल्या १२१ चाळी एकट्या वरळीत होत्या. आणि गंमत अशी की, ज्यांच्यासाठी त्या बांधल्या ते कामगार सुरुवातीला तिथे यायला तयार नव्हते. वरळी गिरण्यांपासून दूर आणि भाडे जड. पुष्कळ खोल्या ओस राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या काही चाळींचा सत्याग्रहींना कोंडण्यासाठी तुरुंग म्हणून उपयोग झाला.

ज्या आराखड्यात खोलीत आणि कोठडीत फारसा बदल करावा लागत नाही, त्या आराखड्याविषयी वेगळी टीका करण्याचे कारण नाही. आमचा मुद्दा निराळा आहे, आणि तो व्याकरणाचा आहे. वास्तुरचनेचा नकाशा विध्यर्थात बोलतो. भिंत इथे असावी, दार या बाजूला उघडावे, जिना इतक्या रुंदीचा असावा. अशा कागदांचे अभिलेखागार म्हणजे शहराविषयीच्या हजारो 'असावे'चा संग्रह होय. अभ्यासक मात्र तो संग्रह भूतकाळात वाचतात: भिंत इथे होती, दार या बाजूला उघडत होते. 'असावे' आणि 'होते' यांच्यामधली जी दरी आहे, तिच्यात माणसे राहिलेली असतात.

नकाशावर ज्या पट्टीला मार्गिका म्हटले होते, ती उन्हाळ्याच्या रात्री वीस बिऱ्हाडांतल्या पुरुषांचे शयनगृह होती. दिवाळीत ती फराळाची भटारखान्याइतकी मोठी चूल होई. कोणी गेले की तिथेच सतरंजी पडे. खोलीची उंची नकाशात होती. त्या उंचीतून फळ्या ठोकून काढलेला पोटमाळा नव्हता. आमचे सारे शिक्षण त्या पोटमाळ्यावर झाले. वास्तुरचनाकाराने जी जागा हवेसाठी सोडली होती, तिथे बसून आम्ही मढेकर वाचले.

हेच अधिक थोर संदर्भात परळच्या चाळीविषयी म्हणता येईल. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने बांधलेल्या तिथल्या एका चाळीत, ५० आणि ५१ क्रमांकांच्या खोल्यांत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वास्तव्य १९३४ पर्यंत होते. एक खोली संसाराची, एक अभ्यासाची. ट्रस्टच्या लेखी त्या कामगारवर्गासाठीच्या साध्या खोल्या. महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा हे सारे त्या चौकोनांतल्या माणसाने केले. नकाशाला याचा दोष देता येत नाही. पण केवळ नकाशा जपून त्या खोल्या जपल्या गेल्या, असेही म्हणता येत नाही.

इथे आमच्या विषयातले एक उदाहरण सतत आठवत राहिले. बी.डी.डी. खाते निघण्याच्या आदल्याच वर्षी, १९१९ मध्ये, पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले. ते १९६६ साली पूर्ण झाले. त्या आवृत्तीची खरी श्रीमंती वरच्या संहितेइतकीच पानाच्या खालच्या भागात आहे, हे पाठचिकित्सा शिकविणाऱ्यांना सांगायला नको. जे पाठ संपादकांनी स्वीकारले नाहीत तेही त्यांनी फेकून दिले नाहीत. कोणत्या पोथीत काय आहे याच्या नोंदीसह ते तळाशी ठेवले. शहराच्या अभिलेखागारात नेमके हेच होत नाही. तिथे मूळ संहिता असते, मंजुरीचा शिक्का असतो, आणि पाठभेद अनधिकृत बांधकाम म्हणून नोंदले जातात, तेही कोणी तक्रार केली तर.

पाठभेदांना आधीच जागा ठेवणारा वास्तुरचनाकार आपल्याकडे होऊन गेला. चार्ल्स कोरिया यांनी प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह १९६४ च्या सुमारास खाडीपलीकडच्या नव्या मुंबईची कल्पना मांडली. 'मार्ग' नियतकालिकाने १९६५ मध्ये तिला अंक दिला. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. याच नव्या मुंबईत, बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये, १९८३ ते १९८६ या काळात कोरियांनी जी घरे रचली त्यांतले कोणतेही घर शेजारच्या घराशी भिंत वाटून घेत नाही. सात घरांच्या मध्ये एक चौक, अशा तीन चौकांचा पुढे एक मोठा समूह. भिंत सामायिक नसल्यामुळे ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने घर वाढवावे, ही त्यामागची योजना. लोकांनी ते अक्षरशः केले. आज तिथे गेले तर उतरत्या छपरांची मूळ घरे शोधावी लागतात. मजले चढले आहेत, गच्च्या आल्या आहेत. कोरियांच्या चाहत्यांना याचे दुःख होते. आम्हांला वाटते, त्या नकाशाचा हा सर्वांत प्रामाणिक अनुवाद असावा.

पण जपणुकीचा हिशेब पाहा. २०१३ मध्ये कोरियांनी आपली सहा हजारांहून अधिक रेखाटने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सला दिली. ल कॉर्बुझिए यांचे कागद पॅरिसला आहेत. चंदिगडसाठी आयुष्याची बरीच वर्षे वेचणाऱ्या पिएर जानरे यांचे माँट्रिऑलला. यात कोणावर ठपका ठेवावा असे नाही. कागद जिथे टिकेल तिथे तो जावा. एवढेच दिसते की बेलापूरचे 'असावे' आज लंडनमध्ये योग्य तापमानात सुरक्षित आहे. आणि बेलापूरच्या रहिवाशांनी चाळीस वर्षांत घातलेली भर केवळ बेलापुरात, उन्हापावसात उभी आहे. दिल्लीच्या प्रगती मैदानावरील राज रेवल यांचे १९७२ चे हॉल ऑफ नेशन्स एप्रिल २०१७ मध्ये पाडले गेले, तेव्हा निदान रेखाटने मागे होती. चाळीतला पोटमाळा पाडला की मागे काय राहते?

कागद टिकणे हीसुद्धा सोपी गोष्ट नाही, हे या शोधात कळले. जुने नकाशे मेणचट, खळ चढविलेल्या कापडावर काढले जात. पाण्याचा एक थेंब पडला की खळ सुटते, आणि मुंबईच्या पावसाळ्यात थेंब कोणाची परवानगी घेत नाही. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघांची जी ब्लूप्रिंट, तिचे तंत्र जॉन हर्शल यांनी १८४२ मध्ये शोधले; लोहक्षारांवर ऊन पडले की निळा रंग धरतो. हा निळा रंग अल्कधर्मी वेष्टनात फिका पडतो. म्हणजे इतर जुन्या कागदांना वाचविणारे वेष्टन याला मारक ठरते. नंतरच्या अमोनियाच्या प्रती उजेडात विटतात. आणि संगणकावरचे नकाशे तर न विटता, न फाटता नाहीसे होतात: ते उघडणारी प्रणालीच कालबाह्य होते.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. पाचशे चौरस फूट, स्वतःचे स्नानगृह, स्वतःचे संडास. चाळीविषयी हळवे होणाऱ्यांना ताई एकच प्रश्न विचारते: "पहाटे चारला बादली घेऊन रांगेत कोण उभं राहत होतं, तू की मी?" तिच्या या प्रश्नापुढे आमच्या स्मरणरंजनाला उत्तर नाही. चाळ राहायला हवी होती असे आम्ही म्हणत नाही. चाळ जाणे न्याय्यच आहे. ती कशी वापरली गेली याची नोंद न होता जाणे, हे मात्र न्याय्य नाही.

म्हणून एका रविवारी आम्ही ताईकडे एक मोठा कागद नेला. १६० चौरस फुटांचा चौकोन आधीच आखून ठेवला होता. म्हटले, आता यात सारे भरू. कोण कुठे झोपत असे, शिवणयंत्र कुठे, देव कुठे. अर्ध्या तासात आमचे भांडण झाले. पाटा-वरवंटा दाराच्या उजव्या हाताला होता, असे आम्ही म्हणत होतो. ताई म्हणे, डाव्या. आम्ही शपथेवर सांगायला तयार होतो. "तू पोटमाळ्यावरून बघत होतास," ती म्हणाली, "वाटत मी होते."

पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याच्या चाळी'चा नकाशा कोणत्याही कचेरीत मिळणार नाही, तरी मराठी वाचक तिच्यात डोळे मिटून हिंडतो. ज्या चाळींचे नकाशे आहेत त्यांत हिंडता येत नाही. या दोहोंच्या मधला एक कागद असू शकतो, असे त्या रविवारी वाटले. तो विद्यार्थ्यांना काढता येईल: वास्तुरचनेच्या विद्यार्थ्याने चौकोन आखावा, साहित्याच्या विद्यार्थ्याने आजीशेजारी बसून तो भरावा. नायगावात, डिलाईल रोडला अजून ते विचारता येण्याजोगी माणसे आहेत.

आमच्या कागदावर पाटा आता ताईने सांगितला तिथे, दाराच्या डावीकडे आहे. उजवीकडे आम्ही पेन्सिलीने एक फुलीही ठेवली आहे आणि खाली नोंद केली आहे: धाकट्या भावाच्या पोथीत असा पाठ.