उलटी बाजू

पंजाबातल्या खरडमध्ये थंडी सरली हे मला पेट्यांच्या आवाजावरून कळतं. दिवसभर गच्चीवर रजया उन्हं खातात आणि संध्याकाळी पत्र्याच्या अवाढव्य पेटीत परत जातात. यंदा शेजारच्या बीजींना हात द्यायला गेले होते. पेटीच्या तळाशी जुन्या चादरीत बांधलेलं एक गाठोडं निघालं. बीजींनी गाठ सोडली आणि बाजेवर पिकल्या गव्हाच्या रंगाचं रेशीम पसरलं.

“वरी दी बाग,” बीजी म्हणाल्या.

वरी म्हणजे सासरहून नवरीला येणारा आहेर. घरात मुलगा जन्मला की त्याची आजी किंवा आई त्याच्या होणाऱ्या बायकोसाठी अशी बाग भरायला घेई. फुलकारी या इथल्या भरतकामात फुलं सुटी असतात, मधून कापड दिसतं. बागेत मात्र कापड जवळजवळ झाकून जातं. ही बाग बीजींच्या सासूबाईंना लग्नात मिळालेली. फाळणीत, 1947 साली, लायलपूरहून त्या निघाल्या, तेव्हा अंगावरच्या कपड्यांवर हीच लपेटलेली होती.

मी सोनेरी चौकटी डोळे भरून बघत होते. बीजींनी कापडाचं टोक धरून पालटलं. “पुत्त, पुट्ठा पासा वेख.” उलटी बाजू बघ.

उलटीकडे लाल खद्दर आणि त्यावर मुंगीच्या पावलांएवढे रेशमाचे ठिपके. एवढंच. फुलकारी भरतात तीच मुळी उलट्या बाजूने. नक्षी आखलेली नसते. खद्दराचे धागे मोजत मोजत, रफूसारखा टाका घालत जायचं. रेशीम महाग, म्हणून ते जवळजवळ सगळं सुलट्या अंगाला. भरणारीला आपलं काम दिसायचं ते ठिपक्यांचं. सोनं पलीकडे साठत जायचं. मी बाजेच्या दुसऱ्या बाजूला गेले, तर मघाशी उजळ दिसणाऱ्या चौकटी सावळल्या आणि सावळ्या होत्या त्या उजळल्या. रंग एकच, पिवळा. फक्त टाका कुठे आडवा, कुठे उभा. पीळ न दिलेल्या रेशमावर ऊन असं दिशा बदलून खेळतं.

या रेशमाला इथे ‘पट’ म्हणतात. ते चीन, अफगाणिस्तान, काश्मीर, बंगालकडून यायचं आणि अमृतसरच्या व्यापाऱ्यांकडून फेरीवाल्यांच्या गाठोड्यातून गावोगाव पोचायचं. आशियातल्या जुन्या वस्तू म्हटलं की आपल्यासमोर चिनी फुलदाण्या आणि जेडच्या मूर्ती येतात. त्या सुंदर असतातच; पण या एका ओढणीत अर्ध्या आशियाची वाटचाल आहे, आणि धागे मोजणाऱ्या बाईचं नाव कुठेही नाही.

माझ्या आजीची पैठणी मला फक्त ऐकून माहीत आहे. तिचा पदर दोन्हीकडून सारखा दिसायचा म्हणे. पैठणीची खूणच ती. अडचणीच्या एका वर्षी ती जरीवाल्याला दिली. तो जर जाळून चांदी काढायचा. चांदी वजनावर गेली. रेशमाचा आणि विणकराच्या डोळ्यांचा हिशेब त्या तराजूत बसलाच नाही. बीजींच्या गल्लीतही फेरीवाले स्टीलच्या भांड्यांवर फुलकाऱ्या घेऊन जात. आपल्याकडच्या बोहारणीसारखंच. पुढे त्या फाडून उशांचे अभ्रे झाले.

म्हणून पुण्याचे दिनकर केळकर मला फार मोठे वाटतात. चष्म्यांचं दुकान सांभाळून हा कवी गावोगाव हिंडला आणि अडकित्ते, दिवे, वज्र्या, स्वयंपाकघरातली भांडी गोळा करत राहिला. राजेरजवाड्यांच्या तलवारी जपणारे पुष्कळ होते. बाईच्या हातातली वज्री काचेच्या कपाटात ठेवावी हे सुचायला वेगळी माया लागते. लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी आपल्या संग्रहालयाला दिलं आणि 1975 साली सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. जीव लावून जमवलेलं असं सोडून देता येणं, हे मला संग्रह करण्याहून अवघड वाटतं.

खरडहून बस धरून मी कधी कधी चंडीगडच्या सेक्टर 10 मधल्या संग्रहालयात जाते. तिथले गांधार शैलीतले बुद्ध लाहोरचे. फाळणीत लाहोर संग्रहालयाच्या वस्तूंचीही वाटणी झाली: साठ टक्के तिकडे, चाळीस इकडे. 1949 साली आपला वाटा आला आणि अमृतसर, सिमला, पतियाळा अशी बिऱ्हाडं बदलत शेवटी इथे, 1968 साली उघडलेल्या या इमारतीत स्थिरावला. करड्या दगडातल्या त्या मिटल्या पापण्यांपुढे मी यापूर्वीही उभी राहिले आहे. आता तिथे गेले की बीजींच्या सासूबाई आठवतील. त्याही त्याच दिशेने आल्या.

“विकायची नाही ना कधी?” मी विचारलं.

बीजींनी उत्तर दिलं नाही. माझं बोट धरून बागेच्या एका कोपऱ्यावर ठेवलं. सगळ्या सोनेरी चौकटींत तिथे एकच चौकट हिरवी होती. “नजर ना लग्गे,” त्या म्हणाल्या. भरणारीने ती मुद्दाम चुकवलेली.

मग आम्ही दोघींनी चार टोकं धरली. रेशीम आत, खद्दर बाहेर, अशी घडी घातली. मधे कडुलिंबाचा सुकलेला पाला ठेवला. पेटीचं झाकण जड होतं. ते खाली घेताना बीजींनी एक हात आत ठेवून गाठोडं आणखी थोडं खाली दाबलं.